साग्याची शेपटी आणि बाबांचा कासरा

आमच्या साग्याला शेपटी नव्हती, हे आधीच सांगून टाकते, कारण पुढचं सगळं त्या नसलेल्या शेपटीपायी झालं. अगदीच नव्हती असंही नाही. अंगठ्याएवढा एक खुंट होता आणि तो बिचारा हलायचाही. पण तो हलतोय हे कळायला साग्याच्या मागे जाऊन उकिडवं बसावं लागायचं, आणि रस्त्यात भेटलेल्या अनोळखी कुत्र्याला एवढी सवड कुठून असणार?

आलापल्लीच्या लाकूड डेपोला लागूनच आमचं क्वार्टर होतं. बाबा डेपोत बाबू. जंगलातून सागवानाचे लठ्ठे भरून ट्रक यायचे. लठ्ठे उतरले की बाबांनी फीत घेऊन त्यांची गोलाई मोजायची, त्यावर नंबर घालायचा आणि मजुरांनी त्यांच्या थप्प्या लावायच्या. लठ्ठा जमिनीवर पडला की धप्प आवाज व्हायचा आणि आमच्या स्वयंपाकघरातली भांड्यांवरची झाकणं थरथरायची. आई त्या थरथरीवरून लठ्ठा केवढा असेल ते सांगायची. भाकरी थापता थापता मला म्हणायची, "हा मोठा होता वं कुंदे, पाच फुटी असन." संध्याकाळी बाबा घरी आले की ती विचारणार, "दुपारच्याले पाच फुटी आला होता का जी?" आणि बाबा म्हणणार, "साडेचार." मग ते दोघं त्या अर्ध्या फुटावरून जेवण होईस्तोवर वाद घालणार. आमच्या घरी रेडिओ उशिरा आला. त्याची गरज कुणाला फारशी वाटली नव्हती.

साग्या त्या थप्प्यांमध्येच सापडला. एका कुत्रीनं दोन लठ्ठ्यांच्या फटीत पिल्लं घातली होती. वरचा लठ्ठा जरासा सरकला, ती चार पिल्लं घेऊन निघून गेली, आणि पाचव्याची शेपटी अडकून पडली. चौकीदार नत्थूभाऊंनी पहारीने लठ्ठा उचलून त्याला सोडवलं, पण चेंगरलेली शेपटी आठ दिवसांत वाळून गळून गेली. सागवानातून निघाला म्हणून मी त्याचं नाव साग्या ठेवलं. रंगही तसाच होता, नुकत्या कापलेल्या लाकडासारखा. रविवारी आमच्याकडे वडाभात व्हायचा. आई डाळींचे वडे तळायची, गरम भातावर ते कुस्करून वरून लसणाची फोडणी ओतायची, आणि ती चर्रर्र आवाज करत भातात उतरली की साग्या उंबऱ्याशी येऊन बसायचा. एक वडा त्याचा. तो गार होईपर्यंत तो नुसता वड्याकडे बघत बसायचा, आणि मागे खुंट धुळीत अर्धा चंद्र काढायचा. त्या काळात साग्याचं कुणाशीच भांडण नव्हतं. दिवसभर डेपोत मोकळा हिंडायचा, गावातली आणि मजुरांबरोबर जंगलपाड्यांवरून आलेली कुत्री भेटायची, ती त्याला हुंगायची, तो त्यांना हुंगायचा, की संपलं.

मग नवे रेंजरसाहेब बदलून आले आणि त्यांच्यासोबत त्यांचा अल्सेशियन आला. त्याचं नाव टायगर. जिथं गुरं चारायला नेलेला माणूस खऱ्या वाघाच्या पाऊलखुणा बघून परत येतो, तिथं कुत्र्याला टायगर म्हणणाऱ्या माणसाबद्दल आईचं मत पहिल्याच दिवशी झालं होतं, पण ते इथे लिहीत नाही. साहेब रोज संध्याकाळी टायगरला चामड्याचा पट्टा लावून रोपवाटिकेपर्यंत फिरायला न्यायचे. आलापल्लीत कुत्रं फिरायला नेणारा माणूस याआधी कुणी पाहिला नव्हता. कुत्रं आपलं आपण फिरून येतं, त्याला न्यायचं कशाला? लोक चहाच्या टपरीवर कप हातात धरून उभे राहायचे आणि साहेब जाऊन परत येईपर्यंत बघायचे.

बाबांनी मात्र निराळ्या नजरेनं पाहिलं. त्या दिवशी घरी येऊन ते साग्यासमोर बराच वेळ उभे राहिले. दुसऱ्या दिवशी एका बंडीवाल्याकडून त्यांनी बैलाचा जुना कासरा मागून आणला आणि साग्याच्या गळ्यात बांधला. "याले बी शिस्त पायजे," म्हणाले. आई म्हणाली, "शिस्त लावाले बैलाचा दोर लागते का?" पण तोवर बाबा इस्त्रीचा शर्ट घालून, कासऱ्याचे दोन वेढे मुठीला मारून, साहेब धरतात तसं धरून, निघालेही होते. टपरीवरून कुणीतरी ओरडलं, "बाबूजी, कुत्र्याले नांगराले जुंपता का?" बाबांनी वळून पाहिलं नाही. मी मागून चालले होते, मला मात्र हसू दाबता दाबता ठसका लागला.

असा आमच्या घरी कुत्रं फिरवण्याचा कार्यक्रम सुरू झाला. सकाळी मी, संध्याकाळी बाबा. आणि पहिल्याच आठवड्यात साग्यानं मारामाऱ्या सुरू केल्या.

पहिली माझ्या हातून झाली आणि तिची जबाबदारी आजही माझीच आहे. टपरीवाल्याचा काळू समोरून आला. त्याची शेपटी झेंड्याच्या काठीसारखी ताठ उभी होती आणि नुसतं टोक थरथर हलत होतं. शेपटी हलते म्हणजे कुत्रं खूश आहे, एवढं ज्ञान माझ्याजवळ होतं आणि ते पुरेसं आहे अशी माझी खात्री होती. मी साग्याला म्हटलं, "पाय, दोस्त आला," आणि दोर आखडून धरत त्याला सरळ काळूच्या नाकासमोर नेऊन उभा केला. क्षणभर दोघंही पुतळे झाले. पुढच्या क्षणी कोणता पाय कुणाचा ते कळेना. टपरीवाल्यानं बादलीभर विसळण्याचं पाणी ओतलं तेव्हा ते सुटले, आणि भिजले आम्ही तिघंही.

परवाचीच गोष्ट. आता मी चंद्रपुरात मुलाकडे राहते आणि घरातला लॅब्राडोर ब्रूनो याला सकाळी फिरवणं ही माझी ड्युटी आहे. समोरून कानात यंत्र घातलेला एक मुलगा आपला तगडा कुत्रा ओढत, म्हणजे खरं तर कुत्रा त्याला ओढत, आला आणि लांबूनच म्हणाला, "आजी, घाबरू नका, फ्रेंडली आहे, बघा ना शेपटी हलतेय!" मी बघितली. ताठ, उंच, टोक थरथरत. काळूची शेपटी इतक्या वर्षांनी मला पुन्हा भेटली. मी ब्रूनोला घेऊन रस्ता ओलांडला. तो मुलगा मला भित्री म्हातारी समजला असणार. समजू दे बापडा.

दुसरी मारामारी आठवडी बाजारात, सुक्या मासळीच्या रांगेपुढे. तीही माझ्याच हातून. तिसरी मात्र बाबांच्या हातून, आणि ती साक्षात टायगरशी. रोपवाटिकेच्या वळणावर दोघं समोरासमोर आले. बाबा साहेबांना बघून टाचा जुळवून ताठ उभे राहिले, आणि पुढचं त्यांना नीट सांगताच आलं नाही. इतकंच कळलं की टायगरचा कान फाटला, साहेबांची पँट चिखलात बरबटली, आणि साहेब एक शब्द बोलले नाहीत. हे न बोलणंच बाबांना लागलं. साहेबांपुढे बाबा निराळेच होत. घरी बोलायचं ते बोलणं फाटकाबाहेर ठेवून, शाळेतल्या पुस्तकासारखं छापील मराठी बोलत. त्या संध्याकाळी ते छापील मराठी घरातही घेऊन आले. "हा कुत्रा या घरात राहणार नाही," असं म्हणाले, तेव्हा आईच्या हातातली पळी थांबली. मग जरा वेळानं ते आपल्या बोलीवर आले, पण निर्णय तोच. "शनिवारी बल्लारशाचा ट्रक येते. डायवरले सांगतलं मी. त्याच्यासंग जाईल."

"तिथी त्याले वडा कोन देईल?" आईनं विचारलं.

"बल्लारशात वडे नाईत का?"

आईनं वाद न घालता पळी पातेल्यात परत घातली, आणि आई वाद घालत नाही म्हणजे प्रकरण गंभीर आहे हे मला कळलं. तो सोमवार होता. दुसऱ्या दिवशी सकाळीच मी डेपोत जाऊन सगळ्यात उंच थप्पीवर चढून बसले आणि पोटभर रडले. साग्या खाली उभा राहून वर बघत होता. आपण काय केलं ते त्याला माहीत नव्हतं, आणि खरं सांगायचं तर मलाही माहीत नव्हतं.

नत्थूभाऊंनी मला रडताना पाहिलं. यांच्याविषयी दोन शब्द सांगायला हवेत. ते आठ महिने डेपोचे चौकीदार आणि धान कापून झालं की चार महिने आमच्या झाडीपट्टीच्या नाटकांतले खलनायक असत. साहेब लोकांकडून रजा कशी मंजूर करून घेत ते त्यांनाच ठाऊक. त्या वर्षीचा मोसम आटोपून ते डेपोत परतले होते. उंच, काळेसावळे, आणि मिशा अशा की मेकअपवाल्याला काही काम उरू नये. मंडईच्या, म्हणजे आमच्याकडच्या जत्रांच्या, दिवसांत गावोगावच्या बायका त्यांना खऱ्याखुऱ्या शिव्या घालत आणि त्या शिव्या ते बक्षिसासारख्या मोजत. प्रत्यक्षात इतके मऊ की गस्त घालताना चिमणीच्या घरट्याला धक्का लागला तर दिवसभर हळहळत.

"काऊन रडून राह्यली वं पोट्टी?"

मी सगळं सांगितलं. ते शांतपणे ऐकून म्हणाले, "पण हा तर मोकळा असला का कोनाशीच भांडत नाई. मी रोज पायतो. मंग तुमच्याच संग काऊन भांडते?" हा प्रश्न आमच्या घरात कुणालाच पडला नव्हता. ते थप्पीवर माझ्या शेजारी येऊन बसले, बिडी पेटवली आणि म्हणाले, "कासरा सोड त्याचा. आता आपन नाटक पाऊ."

मी खाली उतरून दोर सोडला आणि परत चढले. खाली मजुरांच्या भाकरीच्या वासावर पाड्यावरची दोन कुत्री आली होती. साग्या त्यांच्याकडे निघाला, पण सरळ नाही. जणू त्यांच्याकडे काही कामच नाही असा तो डावीकडे वळला, मोठा वळसा घेतला, वाटेत थांबून उगीच जमीन हुंगली, तोंड फिरवून भलतीकडेच पाहिलं. मग जवळ गेला तो कडेकडेनं, अंग आडवं करून. ती दोघंही तशीच. एकमेकांची मागची बाजू हुंगून झाल्यावर तिघांनीही अंग झाडलं आणि पांगले.

नत्थूभाऊंनी मांडीवर थाप मारली. "पायलं का? ही एंट्री पायली? आमच्या नाटकात हिरो पोरीले भेटाले येते ना, तो असाच येते. आडवा. इकडं पाय, तिकडं पाय, फूल तोड. अन मी कसा येतो?" ते उठून थप्पीवरच उभे राहिले. छाती काढली, मान वर केली, हनुवटी पुढे, नजर माझ्या डोळ्यांत, आणि एक एक पाऊल टाकत सरळ माझ्या अंगावर आले. अगदी जवळ येऊन थांबले आणि हललेच नाहीत. मला खरंच भीती वाटली. साग्या खालून भुंकला. "हे पाय," ते पुन्हा नेहमीचे होऊन म्हणाले, "व्हिलन हलत नाई. जो हलते त्याचं भेव नाई. जो थांबला तो मारते. आता मले सांग, तू कासरा कसा धरते?"

मी धरून दाखवला. आखडून, वर ओढून. साग्याची मान वर झाली, पुढचे पाय ताठले, छाती पुढे आली. आणि मला दिसलं. मीच त्याला खलनायक करून रोज काळूच्या, मासळीवाल्यांच्या कुत्र्यांच्या समोर सरळ नेऊन उभा करत होते. दुसऱ्याची शेपटी तरी "मी गमतीत आहे" असं सांगू शकली असती. याच्याकडे तीही सोय नव्हती. तो खुंट हलवून हलवून थकत असणार, आणि समोरच्याला दिसत असणार फक्त मिशीवाला नत्थूभाऊ.

"मंग काय करू?"

"शेपूट नाई त्याले. तर तू हो त्याची शेपूट," असं म्हणून नत्थूभाऊ खाली उतरले आणि आमची तालीम सुरू झाली.

तीन दिवस आम्ही सकाळ-दुपार तालीम केली. दोर नेहमी ढिला, मध्ये पोट येऊन लोंबेल असा ठेवायचा. समोर कुत्रं दिसलं की आपणच रस्त्याच्या कडेनं वळसा घ्यायचा, आपल्या मागं साग्या घेतोच. समोरच्या कुत्र्याचं तोंड सैल आहे का, अंग मागून पुढे सगळं हलतं का ते बघायचं. नुसतं टोक हलणाऱ्या शेपटीवर विश्वास ठेवायचा नाही. पाठीवरचे केस उठले, तोंड मिटलं, अंग थिजलं, की न घाबरता, घाई न करता निघून जायचं. साग्यानं जांभई दिली किंवा नाक चाटलं तर त्याला झोप किंवा भूक आली नाही, तो "जरा दमानं" म्हणतोय. आणि तोंड फिरवून दुसरीकडे पाहणं म्हणजे कुत्र्यांमधली सभ्यता: मला तुझ्याशी भांडायचं नाही, तू लाजू नकोस, मी बघत नाही. हे मला सगळ्यात आवडलं. नत्थूभाऊ समोरच्या कुत्र्याची भूमिका स्वतः करत, आणि डेपोचा चौकीदार चार पायांवर जांभया देतोय हे बघून मजुरांनी काम थांबवलं होतं. ऑफिसच्या खिडकीतही कुणीतरी उभं असायचं. बुधवारी आम्ही काळूला भेटलो. टपरीवाल्यानं सवयीनं बादली उचलली आणि मग हातात तशीच धरून उभा राहिला, कारण काळू आणि साग्या एकमेकांना हुंगून आपापल्या कामाला लागले होते.

गुरुवारी मी बाबांना म्हटलं, "बाबा, एकदा येऊन पाहा ना, तो आता भांडत नाई." बाबा दाढी करत होते. आरशातूनच म्हणाले, "टायगरले भेटला का?" नव्हता भेटला. "मंग?" एवढंच म्हणून त्यांनी दुसरा गाल पुढे केला.

शुक्रवारी संध्याकाळी बाबांनी स्वतःहून कासरा खुंटीवरून काढला. "शेवटचं फिरवून आणतो," म्हणाले, आणि आवाज इतका कोरडा ठेवला की आईनं पदर डोळ्यांना लावला. मी न विचारता मागे निघाले. दोराचे दोन वेढे त्यांच्या मुठीला होतेच. मी सांगून पाहिलं, "बाबा, ढिला सोडा." ते म्हणाले, "शिस्त." सागाची पानं गळायचे दिवस होते. रस्ताभर वाळक्या पानांचा खच होता आणि चालताना त्यांचा असा कडकड आवाज येत होता की समोरून कुणी येतंय हे दिसायच्या आधी ऐकू आलं.

साहेब आणि टायगर. आणि जागा अशी की एका बाजूला नाली, दुसऱ्या बाजूला लठ्ठ्यांची थप्पी. वळसा घ्यायला वावच नाही. अंतर पंधरा-वीस पावलांचं.

बाबा थांबले. टाचा जुळल्या, छाती पुढे आली, हनुवटी वर. मुठीवर तिसरा वेढा पडला. मी त्यांच्याकडे बघत होते आणि मला एकदम नत्थूभाऊ थप्पीवर उभे दिसले. फरक एवढाच की नत्थूभाऊ भीती घालत होते, आणि बाबा भीत होते. श्वास रोखून धरला होता त्यांनी. माझे बाबा, साडेचार म्हणजे साडेचार म्हणणारे, आईलाही न हरणारे बाबा, साहेबांना भीत होते. आणि ती भीती हातातून कासऱ्यात, कासऱ्यातून साग्याच्या मानेत उतरत होती. साग्याचे पुढचे पाय जमिनीवरून उचलल्यासारखे झाले, पाठीवर मानेपासून खुंटापर्यंत केसांची रेघ उभी राहिली. टायगरची शेपटी वर गेली. टोक थरथरलं. तोंड मिटलं.

माझ्या मनात एवढंच आलं की आता ते थिजतील, आणि उद्या ट्रक येईल.

"बाबा, ढिला सोडा!"

"गप," बाबा ओठ न हलवता म्हणाले.

"बाबा, तुम्ही भिऊन राह्यले म्हनून तो भिऊन राह्यला!"

हे मी ओरडले. साहेबांनी ऐकलं. नालीपलीकडच्या बांबूतल्या पाखरांनीही ऐकलं असणार. आमच्या घरात बापाला असं कुणी बोललेलं नव्हतं, आणि बाहेर, साहेबांपुढे, ते तर स्वप्नातही नाही. बाबांनी माझ्याकडे पाहिलं. ती नजर मला अजून दिसते. रागाची नव्हती ती. कुणीतरी आपला झाकलेला खिसा उलटा केल्यावर माणूस बघेल तशी होती.

मग त्यांनी मुठीवरचा एक वेढा सोडला. थांबले. दुसरा सोडला. मग तिसरा. कासरा मधोमध वाळक्या पानांवर टेकला आणि त्यात पोट आलं.

साग्या चारी पायांवर उतरला. त्यानं नाक चाटलं. मग तोंड फिरवून लठ्ठ्यांकडे पाहिलं, जणू त्यांची गोलाई मोजायला आलाय. पण टायगर अजून तसाच होता, आणि मी बघितलं तर साहेबांच्या हातातला चामड्याचा पट्टा तारेसारखा ताणलेला. साहेबांचा चेहराही तसाच. साहेबही भ्यालेले होते! मला हे सांगायचं होतं, पण माझा दिवसभराचा धीर एका वाक्यात खर्च झाला होता.

आणि बाबा बोलले. छापील मराठी कुठं गेलं कुणास ठाऊक. आईशी बोलतात तसं, आमच्या स्वयंपाकघरातलं बोलले. "साहेब, तुम्ही बी जरा ढिला सोडा जी. अन असे आडवे उभे राहा. काई होत नाई." आणि स्वतः आडवे झाले, खांदा साहेबांकडे करून, थप्पीकडे बघत. हे त्यांना कुणी शिकवलं नव्हतं. म्हणजे तीन दिवस आमची तालीम चालली होती तेव्हा ऑफिसच्या खिडकीत कोण उभं होतं, ते मला तेव्हा कळलं.

साहेबांनी क्षणभर विचार केला आणि पट्टा सैल सोडला. टायगरची मान खाली आली. साग्या त्या अरुंद जागेतही जमेल तेवढा वळसा घेऊन, पानं हुंगत, तिरका तिरका गेला. टायगरनं त्याला हुंगलं. मागे गेला, खुंटापाशी थबकला, पुन्हा हुंगलं. शेपटी कुठे गेली ते शोधत असावा. मग एकदम पुढचे दोन्ही पाय पसरून छाती जमिनीला टेकवली, मागचा भाग वर, आणि शेपटी अशी आडवी-तिडवी हलली की पानं उडाली. ही खेळायची हाक. पाच मिनिटं दोघांनी असा धुमाकूळ घातला की कासरा आणि पट्टा यांचा गुंता झाला, आणि तो सोडवायला बाबा आणि साहेब दोघं उकिडवे बसले. साहेब हसत होते. "बाबू, तुमची मुलगी कुत्र्यांची डॉक्टर होणार," असं काहीसं म्हणाले. मी झाले नाही. मास्तरीण झाले. पण वर्गात नव्या मुलांना सामोरी जाताना मी पुढे पस्तीस वर्षं दारातून तिरकी आत शिरत आले, हे खरं आहे.

घरी येईपर्यंत बाबांनी कासरा एकदाही आखडला नाही. तरी मार मिळेल असं मला वाटत होतं. अंगणात शिरताना ते म्हणाले, "मी भ्यालो नोहतो."

"हो जी," मी म्हटलं.

शनिवारी सकाळी ट्रकचा हॉर्न वाजला. आईनं साग्यासाठी केळीच्या पानात वडे बांधून ठेवले होते, रविवार नसतानाही. ती पुडी हातात घेऊन दाराशी उभी होती. बाबा बनियनवरच बाहेर गेले. ड्रायव्हर खिडकीतून वाकून म्हणाला, "बाबूजी, कुत्रं कुठी आहे?"

"कोनतं कुत्रं?" बाबांनी विचारलं.

ड्रायव्हरनं अंगणात झोपलेल्या साग्याकडे पाहिलं, बाबांकडे पाहिलं, आणि बिचारा गिअर टाकून निघून गेला. आईनं पुडी सोडली. बाबा येऊन पायरीवर माझ्याशेजारी बसले. साग्या उठून दोघांच्या मध्ये येऊन बसला आणि पुडीकडे बघायला लागला. डेपोत लठ्ठा पडल्याचा धप्प आवाज झाला, आतली झाकणं थरथरली, आणि आई पाच फुटी म्हणाली. बाबांनी वाद घातला नाही. बराच वेळ कासऱ्याचं टोक बोटांत फिरवत बसले. मग अगदी हळू म्हणाले, "थोडासा भ्यालो होतो."

साग्यानं तोंड फिरवून दुसरीकडे पाहिलं. मग मीही पाहिलं.